गिझर, थर्मामीटर आणि बुन्सेन

गिझर चालू आहे का, हा होस्टेलवरचा हिवाळ्यातला राष्ट्रीय प्रश्न! पण हा शब्द आला कुठून? आइसलँडमध्ये गेसिर नावाचा उकळत्या पाण्याचा झरा आहे, जो मधूनच आकाशात उसळतो. जगातल्या अशा सगळ्या झऱ्यांना आणि आपल्या भिंतीवरच्या टाकीलाही नाव मिळालं ते त्याच्यावरून. तो का उसळतो याचा छडा लावणारा माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. केमिस्ट्री लॅबमधला बर्नर ज्यांच्या नावाचा, ते रॉबर्ट बुन्सेन!

१८११ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनमध्ये त्यांचा जन्म झाला. तरुणपणी आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना स्फोट झाला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषबाधेतून तर ते मरता मरता वाचले. दुसरा कोणी असता तर पुन्हा लॅबची पायरी चढला नसता. बुन्सेन १८४६ मध्ये थेट आइसलँडला निघाले. आदल्याच वर्षी तिथल्या हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता.

जमिनीखाली वाफेची कोठी असते आणि ती पाणी वर ढकलते, असं तेव्हा मानत. बुन्सेन यांनी वाद घातला नाही. सोबतच्या देक्लोआझो या फ्रेंच संशोधकाबरोबर त्यांनी गेसिरच्या वीस मीटरहून खोल नळीत वेगवेगळ्या खोलीवर थर्मामीटर सोडले. खाली तापमान १२० अंशांच्या वर, तरी पाणी उकळत नव्हतं! कारण आपल्या कुकरचंच. वरच्या पाण्याच्या दाबामुळे उत्कलनबिंदू वाढलेला असतो. नळीच्या मधल्या भागात पाणी उकळायला जेमतेम दोन अंश कमी होते. तेवढं पाणी खालच्या वाफेने थोडं वर उचललं की दाब कमी होतो, ते एकदम उकळतं, वरचं पाणी बाहेर सांडतं, दाब आणखी घटतो आणि सगळा स्तंभ उसळतो. परतल्यावर त्यांनी लॅबमध्ये नळी तापवून छोटा गिझर करूनही दाखवला.

पुढे हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास देसागा या कारागिराच्या मदतीने बर्नर तयार झाला. त्याचं पेटंट बुन्सेन यांनी घेतलं नाही. त्याच ज्योतीच्या आधारे किर्चहॉफ यांच्यासोबत १८६० मध्ये सिझियम सापडलं, तेही ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात. चिमूटभर क्षारासाठी ४० टनांहून अधिक पाणी आटवावं लागलं!

१८९९ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये कामचाटकातल्या गिझरमध्ये कॅमेरे सोडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नळीच्या बाजूला वाफ साठवणाऱ्या पोकळ्या दिसल्या. म्हणजे जुनी कोठीची कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. दाब आणि उत्कलनबिंदूचं बुन्सेन यांचं गणित मात्र आजही टिकून आहे.

तेव्हा मित्रांनो, प्रॅक्टिकलला जर्नलमधली रीडिंग्ज शेजाऱ्याच्या वहीतून उतरवताना हे आठवा. एकाच डोळ्याने बघणारा एक माणूस उकळत्या झऱ्याच्या काठावर बसून स्वतःची रीडिंग्ज स्वतः घेत होता.