घेणाऱ्याचें औदार्य

दात्याची कीर्ति गावी, हा आपल्या समाजाचा जुना परिपाठ आहे. वर्गणीची वही घेऊन पेढीची पायरी चढणाऱ्याकडे मात्र आपण बहुधा संशयानें पाहतों. कै. धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र आठवलें म्हणजे ही दृष्टि किती अपुरी आहे, हें आम्हांस जाणवतें.

१८५८ सालीं जन्मलेले व कोंकणांत मुरूड गांवीं वाढलेले कर्वे १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. १८९३ सालीं शारदासदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं त्यांनीं विवाह केला आणि मुरूडकरांनीं त्यांस वाळींत टाकलें. तीन वर्षांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हां आधीं स्वतःची शिल्लक त्यांत घातली. पुढें पांच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नांवें करून दिली. पत्नीस हें रुचलें नाहीं, आणि त्या रागास आम्ही दोष देत नाहीं. दान पतीचें, पण ओढग्रस्त संसार रेटावयाचा पत्नीनें! त्याच बाया कर्वे पुढें संस्थेकरितां वर्गणी मागत फिरल्या. दात्यांच्या यादींत त्यांचें नांव प्रथम असावयास हवें.

१९०० सालीं रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास सहा एकर जमीन आणि झोंपडी बांधण्यास ७५० रुपये दिले. गांवाबाहेरची ओसाड जागा, वाटेंत पावसाळ्यांत चिखल; एखाद्यानें आभार मानून ती तशीच पडूं दिली असती. कर्वे मात्र कॉलेजचें काम आटोपून पुण्याहून पायीं तेथें जात. दान घेतल्यावर दात्याचा मान कसा राखावा, तें त्या पायपिटीनें दाखविलें.

१९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९२० सालीं मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपये देऊं केले. मातोश्री नाथीबाईंचें नांव विद्यापीठास द्यावें, ही त्यांची अट. नांव विकलें, असें म्हणणारे आपल्यांत नेहमींच निघतात. आम्हांस त्यांत गैर दिसत नाहीं. ज्यानें संस्थेवर आपलें नांव कोरलें नाहीं, त्यास दुसऱ्याच्या आईचें नांव जड कां वाटावें? सर विठ्ठलदास १९२२ सालीं वारले. त्यांच्या मातोश्रींचें नांव आजही हजारों मुलींच्या पदवीपत्रांवर छापलें जातें. व्यापाऱ्यास याहून किफायतीचा सौदा आम्हांस ठाऊक नाहीं.

खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं १९३६ सालीं त्यांनीं नवें मंडळ काढलें, तेव्हां ते ७८ वर्षांचे होते. ७० रुपयांच्या पेन्शनींतून १५ रुपये त्यांनीं आधीं त्या कामास वाहिले, आणि मग लहानसहान रकमांसाठीं ते पुण्यांत दारोदार फिरूं लागले.