मातीचे ऋण : झाँ फ्रान्स्वा मिले

खेड्यातून शिकायला शहरात आलेल्या मुलाच्या पाठीमागे एक घर उभे असते. त्या घरात त्याच्या वाटचे काम दुसरे कोणी तरी करीत असते, कोणी तरी गाठीचे पैसे सोडून त्याच्या हातावर ठेवलेले असतात, आणि दिवेलागणीला कोणी तरी वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. आपल्यापैकी पुष्कळांना हे निराळे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्यालाही हेच आले. तो पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला. पण घरचे देणे फिटले नाही, ही रुखरुख त्याच्या मनातून कधी गेली नसावी. त्याचे नाव झाँ फ्रान्स्वा मिले.

४ ऑक्टोबर १८१४ रोजी नॉर्मंडीतील ग्रुशी या समुद्रकाठच्या वाडीत मिलेचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. खाऊनपिऊन सुखी, पण हात राबले तरच. आई शेतात कामाला जाई, म्हणून मुलाचे संगोपन आजीकडे आले. आजी मोठी श्रद्धाळू. तिनेच संत फ्रान्सिसच्या नावावरून नातवाचे नाव ठेवले. घरात एक चुलतआजोबा धर्मोपदेशक होते. तेही शेतात खपत आणि मुलांना शिकवीत. गावच्या पाद्र्यांकडे मिले लॅटिन शिकला आणि व्हर्जिल वाचू लागला. शेतीवर काव्य करणारा हा रोमन कवी त्याला जन्मभर पुरला.

शिक्षण असे चालू असले तरी तो मुलांत थोरला होता, म्हणजे शेताचा वारस. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी ही सारी कामे त्याने स्वतःच्या हातांनी केली. वादळानंतर किनाऱ्याला लागलेले समुद्रशेवाळ गावकरी आकड्यांनी ओढून काढीत आणि खत म्हणून शेतात घालीत. त्यातही त्याचा हात असे. वडील गावच्या चर्चमध्ये गाणारे, मातीची चित्रे करणारे, एखाद्या झाडाकडे बोट दाखवून त्याचा डौल मुलाला समजावणारे गृहस्थ होते. एकदा चर्चमधून परतताना वाकून चाललेला एक म्हातारा मिलेने पाहिला आणि घरी येऊन कोळशाने तसाच्या तसा काढला, असे सांगतात. ते चित्र पाहून वडिलांनी त्याला शेरबूरच्या चित्रकाराकडे नेले. ही १८३३ च्या सुमाराची गोष्ट. थोरल्या मुलाला शेतातून सोडणे कोणत्याही शेतकऱ्याला सोपे नसते, पण या बापाने ते केले.

१८३५ साली वडील वारले. मिले शिक्षण टाकून घरी परतला आणि शेती पाहू लागला. आता आपले आयुष्य इथेच, असे त्याने मनाशी ठरविलेही असेल. पण आजीने ऐकले नाही. वडिलांची इच्छा मोडायची नाही, असा तिचा हट्ट. तिने त्याला परत शेरबूरला धाडले. १८३७ मध्ये शेरबूर नगरपालिकेची शिष्यवृत्ती मिळून तो पॅरिसला निघाला, तेव्हा आई आणि आजी यांनी साठवलेले पैसे त्याच्या हाती दिले.

पॅरिसमधली वर्षे हलाखीत गेली. बक्षीस हुकले आणि शिष्यवृत्ती बंद पडली. पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रे रंगवावी लागली. १८४१ साली लग्न झाले, पण १८४४ मध्ये पहिली पत्नी पोलीन क्षयाने गेली. पुढे कातरीन लमेर या मोलमजुरी करणाऱ्या मुलीशी त्याने संसार मांडला. त्यांना नऊ मुले झाली. या लग्नाची सरकारी नोंद मात्र १८५३ साली, आई वारल्यानंतर झाली. घरच्यांच्या कडक धर्मनिष्ठेचा धाक त्यामागे असावा असे वाटते.

१८४८ च्या क्रांतीचे वर्ष त्याला वळण देणारे ठरले. त्या साली त्याने धान्य पाखडणारा शेतकरी रंगवून प्रदर्शनात मांडला आणि आपला विषय त्याला सापडला. १८४९ मध्ये पॅरिसमधील धामधूम आणि पटकीची साथ टाळून तो फाँतेनब्लोच्या अरण्याकाठी बार्बिझाँ या खेड्यात कुटुंबासह राहायला गेला. थोडे दिवस म्हणून गेलेला मिले मरेपर्यंत तिथेच राहिला. सकाळी बागेत कुदळ चालवायची, दुपारी चित्र काढायचे. मूठ भरभरून बी फेकणारा त्याचा ‘पेरणारा’ इथेच १८५० साली तयार झाला.

पण गावाकडे काय चालले होते? घरून पत्रे येत. त्यांत आजीचा उपदेश असे, आईची काळजी असे आणि एकदा येऊन भेटून जा, एवढी विनवणी असे. १८५१ साली आजी गेल्याची बातमी आली. आई म्हातारी झाली होती, तिला मुलाला एकदा पाहायचे होते. इकडे घरात लहान लेकरे, दुकानदारांची उधारी आणि प्रवासाला पैसे नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणता म्हणता १८५३ मध्ये आईही गेली. मुलाची भेट झालीच नाही. त्यानंतर तो वाटणीसाठी गावी गेला. घर आणि जमीन यांवरचा आपला हक्क त्याने भावंडांसाठी सोडला आणि चुलतआजोबांची पुस्तके व ओकचे एक जुने कपाट एवढेच मागून घेतले.

त्याच्या पुढच्या चित्रांकडे हे जाणून पाहावे. १८५७ च्या ‘सरवा वेचणाऱ्या’ चित्रात तीन बायका कापणी झालेल्या शेतात वाकून सांडलेली कणसे वेचीत आहेत. मागे गंजीच्या गंजी रचल्या जात आहेत, घोड्यावर मुकादम आहे. आणि या तिघींच्या हाती मात्र मूठभर सरवा. क्रांतीची धास्ती घेतलेल्या पॅरिसच्या टीकाकारांना या गरीब बायकांत बंडाची चाहूल लागली. मिलेने मात्र पाहिले तेच रंगविले होते. ‘अँजेलस’ या चित्रात बटाटे काढता काढता संध्याकाळची घंटा ऐकून एक जोडपे मान लववून उभे आहे. शेतात घंटा ऐकू आली की आजी सर्वांना काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावी, ही त्यामागची आठवण.

आणि १८६१ साली त्याने प्रदर्शनात ठेवले ‘वाट पाहणे’. विषय बायबलमधील टोबितच्या कथेचा. परदेशी गेलेल्या मुलाची आई दारापुढे उभी राहून वाटेकडे पाहते आहे, आंधळा बाप चाचपडत घराबाहेर येतो आहे. पण ते घर, तो पोशाख, तो उंबरठा सारे नॉर्मंडीचे. ही आई कोणाची, हे सांगायला टीकाकार कशाला हवा?

गरिबीत मित्रांनी त्याला सांभाळले. १८५५ मध्ये कलम बांधणाऱ्या शेतकऱ्याचे त्याचे चित्र एका अमेरिकनाने घेतल्याचे त्याला कळविण्यात आले. प्रत्यक्षात ते शेजारी राहणारा चित्रकार तेओदोर रूसो याने गुपचूप विकत घेतले होते. कीर्ती उशिरा आली. १८६८ साली सरकारी सन्मान मिळाला. २० जानेवारी १८७५ रोजी मिले वारला आणि रूसोशेजारीच त्याला मूठमाती देण्यात आली. १८८९ मध्ये ‘अँजेलस’ लिलावात ५,५३,००० फ्रँकला गेले. त्यातला एक फ्रँकही त्याच्या कुटुंबाला मिळाला नाही. चित्राच्या पुनर्विक्रीत कलावंताला वा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्सने १९२० साली केला, त्यामागे अशा उदाहरणांचा मोठा हात होता. पुढच्या पिढीतील व्हॅन गॉगने तर मिलेला गुरुस्थानी मानून त्याची चित्रे पुन्हा पुन्हा रंगविली.

१८७०-७१ च्या युद्धकाळात मिले आपल्या मुलखात राहिला होता. तेव्हा ग्रेव्हिलचे चर्च रंगवायला त्याने सुरुवात केली. याच परिसरात त्याचे वाडवडील पुरले होते. ते चित्र तो बार्बिझाँला घेऊन आला. वर्षानुवर्षे त्यावर हात फिरवीत राहिला, पण हातावेगळे केले नाही. तो गेला तेव्हा ते चित्रशाळेतच होते. इतरांची चित्रे त्याने पुरी करून दिली. आपल्या गावचे तेवढे राहून गेले.

सुटीत गावी जायचे आपणही कधी कधी पुढे ढकलतो. मिलेचे चरित्र वाचल्यावर ते तितके सहज जमणार नाही.