मोडलेल्या हाताचा पगार मागणारा माणूस : ना. म. जोशी

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आजा नाहीतर पणजा मुंबईला गिरणीत होता. जुनी पेटी उघडली की डिलाईल रोड, बीडीडी चाळ असा पत्ता लिहिलेलं एखादं पत्र अजून सापडतं. त्या रस्त्याचं आजचं नाव ना. म. जोशी मार्ग. ३० मे हा जोशींचा स्मृतिदिन. रस्त्याला नाव मिळालं, पण माणूस कोण होता हे आता फारसं कुणी सांगत नाही.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा. गाव गोरेगाव, जुना कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०१ साली पदवी घेतली आणि काही वर्षं शाळेत मास्तरकी केली. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथं जाणं म्हणजे कमाईवर पाणी सोडणं. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं काम तिथून सुरू झालं.

त्या काळची गिरणी कशी असायची ते आधी समजून घ्या. एका मोठ्या इंजिनावर छताजवळचा लांबलचक दांडा फिरायचा आणि त्यावरून चामडी पट्टे खाली प्रत्येक साच्यावर उतरायचे. सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जायचा. हात पिळवटून निघायचा.

हाड मोडलं की पुढचा हिशेब निसर्गाचा असतो. आधी तिथं रक्त साकळतं, मग मऊ सांधा धरतो, मग तो हळूहळू कठीण होतो. हाताच्या हाडाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने. तेवढे दिवस हाड हललं नाही पाहिजे. घाईनं वजन उचललं तर ते वाकडं जोडतं, नाहीतर जोडतच नाही. कातडी फाडून हाड बाहेर आलं असेल तर पू होण्याची भीती. त्या काळी पेनिसिलिन नव्हतं, त्यामुळे कित्येकदा जीव वाचवायला हातच कापावा लागे. गावचा हाडवैद्य कामट्या आवळून बांधायचा. पट्टी फार घट्ट बसली तर रक्त अडून बोटं काळी पडायची. हे आजही घडतं, म्हणून बांधल्यावर बोटं गार पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली तर क्षणभर थांबू नका, पट्टी सैल करून दवाखाना गाठा.

म्हणजे हाडाला औषधाइतकीच विश्रांती लागते. आणि गरिबाच्या घरात सर्वात महाग काही असेल तर ती विश्रांतीच. हात गळ्यात बांधून कामगार खोलीवर बसला की गिरणीत त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. पगार बंद. खानावळीची उधारी आणि सावकाराचं व्याज मात्र चालू. मग माणूस कच्च्या हातानंच पुन्हा साच्यावर जायचा, नाहीतर गावची वाट धरायचा. मालकाकडून भरपाई हवी तर कोर्टात जाऊन त्याची चूक सिद्ध करायची. ते कुणाला परवडणार?

जोशींची लढाई नेमकी इथली. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथं हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे ते गेले. १९२० साली आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते होते. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले ते थेट १९४७ पर्यंत. १९२३ साली याच कायदेमंडळात कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई, हे त्यातलं मोठं पाऊल.

हिशेब असा होता. महिना ३० रुपये पगाराचा माणूस हात मोडून घरी बसला, तर पहिले दहा दिवस काही नाही, त्यापुढे दर पंधरवड्याला साडेसात रुपये, म्हणजे निम्मा पगार. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची ताकद ७० टक्के गेली असं धरायचं. त्याची रक्कम व्हायची ८८२ रुपये. अंगठ्याला २५ टक्के. माणसाच्या हाताची अशी किंमत लावणं ऐकायला कसंतरीच वाटतं, पण त्याआधी ती शून्य होती.

हे पुरेसं नव्हतं. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगावर जोशी सभासद होते. त्या आयोगाच्या अहवालानंतर १९३३ साली बिनभरपाईचे दहा दिवस सातावर आले. पुढे १९५९ साली ते तीन झाले, पण तेव्हा जोशी नव्हते. ३० मे १९५५ रोजी ते गेले.

जोशींवर टीकाही झाली. ते मवाळ, अर्ज-विनंत्या करणारे, संपाला कचरणारे, असं जहाल मंडळी म्हणत. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात मतभेद होऊन ते आयटकमधून बाहेर पडले. पुढे परतले आणि १९४० पासून पुन्हा सरचिटणीस झाले. त्यांचा मार्ग हळू होता हे खरंच. पण हाडही हळूच जोडतं.

आता आपल्या शिवारात या. पट्टे गिरणीतून गेले, पण मळणीयंत्रावर आणि कडबाकुट्टीवर आहेत. गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या मजुराचा हात मळणीच्या पट्ट्यात गेला. हाड मोडलं, प्लास्टर झालं आणि चौथ्या आठवड्यात त्यानं ते घरीच कापून टाकलं. कापूस वेचायला जायचं होतं. आज त्याचा हात वाकडा आहे, भरली घागर उचलत नाही. शेतकऱ्यांसाठी सरकारची अपघात अनुदान योजना आहे, पण ती मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. मधल्या सहा आठवड्यांची मजुरी त्या योजनेत नाही.

म्हणून अपघात झाला की एक्सरे, दवाखान्याचे कागद जपून ठेवा आणि ज्याच्याकडे काम करत होता त्याला लेखी कळवा. आणि तुम्ही मालक असाल, तर यंत्राच्या पट्ट्याला जाळी बसवा. तरीही कुणाचा हात मोडलाच, तर तो जोडेपर्यंत निम्मी मजुरी तरी त्याच्या घरी पोचती करा. शंभर वर्षांमागं गिरणीमालकांना हे कायद्यानं करावं लागलं. आपल्याला माणुसकीनं करता येईल.