सेट-टॉप बॉक्स जे व्होल्टेजने करतो, ते जगदीशचंद्र बोसांनी रेल्वेच्या टाइमटेबलने केलं होतं

गच्चीवरच्या डिशवर उपग्रहाकडून येणाऱ्या काही लहरी उभ्या डोलतात, काही आडव्या. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे सिग्नल पाठवता येतात. त्यातला कुठला घ्यायचा हे सेट-टॉप बॉक्स डिशवरच्या एलएनबीला व्होल्टेजने सांगतो. १३ व्होल्ट म्हणजे उभा, १८ व्होल्ट म्हणजे आडवा. यालाच पोलॅरिटी बदलणं म्हणतात.

पण १९ व्या शतकाच्या शेवटी कोलकात्यातले एक प्राध्यापक हे काम चक्क हाताने करत होते. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील इंग्रज सरकारात अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे गुरू होते.

१८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. पण काम तेच असूनही पगार मात्र युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी. बोसांनी भांडण केलं नाही. त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही आणि शिकवत राहिले. शेवटी सरकारला नमावं लागलं, थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला.

संशोधनासाठी धड प्रयोगशाळाही नव्हती. उपकरणं त्यांनी तिथल्याच पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतली.

रेडिओ लहरी पोलराइज होतात हे जर्मनीच्या हर्ट्झने १८८८ साली दाखवलं होतं. पण त्याच्या लहरी लांब, त्यामुळे तारांची जाळीही भलीमोठी. बोसांनी लहरींची लांबी काही मिलिमीटरपर्यंत आणली आणि सगळा प्रयोग टेबलावर मावला.

तारा ज्या दिशेने असतात, त्या दिशेने डोलणारी लहर जाळीत अडते. तिला काटकोनात डोलणारी पार जाते. बोसांनी रिसीव्हरसमोर अशी जाळी ठेवली. ती ९० अंशांत फिरवली की सिग्नल बंद, परत फिरवली की सुरू.

जाळीच हवी असंही नव्हतं. रेल्वेच्या जाडजूड टाइमटेबलच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्यांनी तेच काम करून घेतलं. १८९८ साली तर तागाचे पीळ दिलेले जुडगे वापरून लहरीची डोलण्याची दिशाच वळवून दाखवली.

या विषयावरचा त्यांचा पहिला निबंध मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी उपकरणं सगळ्यांसमोर चालवून दाखवली. लहरी गोळा करायला ते फनेलसारखं तोंड वापरत. आजच्या डिशच्या एलएनबीपुढेही तसाच हॉर्न असतो.

शोध विकायचे नाहीत, असं त्यांचं मत होतं. मित्रमंडळींच्या आग्रहामुळे गॅलेना खड्याच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ साली त्यांच्या नावावर झालं, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही.

पुढे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. त्यांची उपकरणं आजही या संस्थेत जपून ठेवलेली आहेत.