दुसरा अर्ज

डॉक्टर आनंदीबाई जोशी हे नाव ठाऊक नाही असा मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी सापडणे कठीण. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने आणि २०१९ साली आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाने ते नाव घरोघर पोचवले आहे. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणींनासुद्धा ते माहीत आहे. पण या साऱ्यातून मनावर ठसा उमटतो तो हेकट नवऱ्याचा, बोटीचा, परदेशातल्या थंडीचा आणि अकाली मृत्यूचा. मधल्या पाच वर्षांबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मला लिहायचे आहे ते त्या पाच वर्षांबद्दल; कारण अमेरिकेचे दार जोशी पतिपत्नींनी पहिल्यांदा ठोठावले तेव्हा ते उघडले नव्हते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकाशी माझा संबंध डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता. तरी या विषयाकडे वळले, त्याला घरातलेच कारण आहे. माझी मावसबहीण यंदा दुसऱ्यांदा ‘नीट’ परीक्षेला बसते आहे. आमच्या हुबळी-धारवाडकडे याला ‘लाँग टर्म’ म्हणतात. विद्यानगरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजावरून, म्हणजे १९५७ साली सुरू झालेल्या त्या जुन्या कॉलेजावरून, आमची बस रोज जाते आणि ती रोज त्या फाटकाकडे पाहते. नकार मिळालेल्या माणसाने मधल्या काळात नेमके करायचे काय, हा प्रश्न आमच्या घरात जेवताखाता चालू असतो. मला आनंदीबाई आठवल्या त्या यामुळे.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणच्या जोश्यांचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव बिजवर, त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि पोस्टखात्यात नोकरीला. बायकोला शिकवायचे हे त्यांचे वेड होते, आणि वेड हाच शब्द बरोबर आहे. स्वयंपाकात वेळ घालवला, अभ्यास केला नाही, म्हणून बायकोवर हात उगारणारा नवरा त्या काळी दुसरा कुणी असेल असे वाटत नाही. पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनीच एका पत्रात त्या माराची आठवण त्यांना स्पष्ट शब्दांत करून दिली. या माणसाचे उपकार मानावेत की त्याचा राग यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही खरे असावे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. बाळ-बाळंतिणीला वेळेवर वैद्यकीय मदत मिळणे त्या काळी दुरापास्तच होते. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका घरोघर होत्या आणि स्त्री डॉक्टर तर नव्हत्याच. आपण डॉक्टर व्हावे ही इच्छा त्या दुःखातून पुढे पक्की होत गेली.

या सुमारास गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झालेली होती. धारवाडहून बेळगाव, निपाणी करत आपण आज अर्ध्या दिवसात जाऊन पोचतो तेच कोल्हापूर. तिथे अमेरिकन मिशनचे काम होते, आनंदीबाई काही काळ मिशनच्या शाळेतही जात. १८७८ साली गोपाळरावांनी तिथून अमेरिकेला एक पत्र लिहिले. ते रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याच्या हाती गेले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात बरीच वर्षे काढली होती, आणि परत गेल्यावर प्रिन्स्टनहून ते एक मिशनरी मासिक चालवत होते. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि आपल्यालाही तिकडे काही काम मिळावे, अशी विनंती त्या पत्रात होती.

वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले आणि खाली उत्तरही छापले. उत्तराचा भावार्थ असा, की इकडे येण्याचा नाद सोडा, तिथेच राहा आणि आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा. हा पहिला नकार. तोही खाजगी नव्हे, चारचौघांत छापून दिलेला.

आता त्या पहिल्या पत्राकडे थोडे तटस्थपणे पाहू. ज्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न, तिचा त्यात स्वतःचा शब्द नव्हता. मागणे दोन माणसांसाठी होते आणि त्यातले एक नोकरीचे होते. मागणे केले होते ते धर्मप्रसाराचे मासिक चालवणाऱ्या माणसाकडे. प्रवेश देण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याही कॉलेजाकडे नव्हे. वाइल्डर यांच्या उत्तराचा मलाही राग येतो. पण बँकेच्या ऐवजी पोस्टाच्या खिडकीवर कर्ज मागितले तर काय होणार? (गोपाळराव पोस्टातलेच, त्यांना हे निदान कळायला हवे होते!)

पण छापील कागदाचा प्रवास कुणाच्या हातात नसतो. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला त्या मासिकाचा जुना अंक त्यांनी चाळला. गोपाळरावांचे पत्र वाचले, त्याखालचे उत्तरही वाचले, आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. मग पत्रामागून पत्रे सुरू झाली.

माझ्या मते खरी तयारी ती हीच. गोपाळरावांच्या बदल्या चालूच होत्या: भुज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, हातात पुस्तक असलेली बाई दिसली की लोक जिथे तिथे टक लावून पाहत, टवाळी करत. प्रकृतीही साथ देत नव्हती. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा पाठ सोडत नव्हता. कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवत. आणि आनंदीबाई पत्रांतून आपले सण, आपल्या चालीरीती, बालविवाह, बायकांची दुखणी हे सगळे इंग्रजीत समजावून सांगत होत्या. परक्या भाषेत, परक्या माणसाला, आपल्या घरातली गोष्ट पटेल अशी सांगायची! मी सातवीपर्यंत इंग्रजीतले एक वाक्य धड बोलू शकत नव्हते, म्हणून मला याची किंमत थोडी कळते. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. कुणी प्रवेश देईल न देईल, पण अमेरिकेत आपल्याला ओळखणारे, आपल्यासाठी शब्द टाकणारे एक माणूस त्यांनी केवळ लेखणीवर मिळवले.

दुसरे म्हणजे, कुठे अर्ज करायचा हेही ठरले. फिलाडेल्फियाचे पेनसिल्व्हेनिया स्त्री वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले, खास स्त्रियांसाठीचे. बंगालमध्ये असताना एका परिचित डॉक्टर दांपत्याने ते नाव सुचवले. अमेरिकेतसुद्धा बाईला वैद्यक सहजी मिळालेले नव्हते. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी कित्येक कॉलेजांचे नकार पचवल्यावर त्यांना एका ठिकाणी जागा मिळाली होती आणि १८४९ साली पदवी. तेव्हा बायकांसाठीच काढलेले कॉलेज निवडण्यात शहाणपण होते.

भारतातच का नाही शिकायचे, हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना घेत होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार तर १८८३ च्या सुमारास, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढल्या त्याच वेळी, किलकिले होत होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि लोकांचे असे सगळे प्रश्न एकेक करून घेतले. अमेरिकाच का, इथे का नाही, एकटीच का, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, आणि जे कुठल्याच बाईने केले नाही ते तुम्हीच का करता. इथले शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे बायकांकडे अढी ठेवून पाहतात, आणि एकट्या बाईला इथे सुखाने राहू देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी सांगून टाकले. वाइल्डर यांच्या अटीला हे चार-पाच वर्षांनी दिलेले उत्तर होते असे मला वाटते. वय अठरासुद्धा पुरे नव्हते. भाषणाची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि देशभरातून मदतीचे पैसे येऊ लागले.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या. ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती, नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्क. कार्पेंटरबाई उतरवून घ्यायला आल्या होत्या.

आणि मग रोझेलच्या त्या घरात बसून, जूनच्या अखेरीस, आनंदीबाईंनी कॉलेजच्या समितीचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. हा दुसरा अर्ज. हा त्यांचा स्वतःचा, स्वतःच्या नावाने. त्यात त्यांनी आपले वय सांगितले, शिक्षण सांगितले, आणि तुमच्या सर्वच अटी कदाचित मी पुऱ्या करू शकणार नाही हेही सांगितले. त्यापुढे आपण कशासाठी आलो ते लिहिले: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांना खरे औषधपाणी मिळावे म्हणून. आप्त आणि जात या दोघांचा विरोध पत्करून इथवर आलेला निर्धार हाही पात्रतेत धरावा, असे त्यांनी सुचवले.

आम्हाला हिशेबतपासणीत शिकवतात, की ताळेबंदात देणे लपवले की सगळाच ताळेबंद संशयास्पद ठरतो. आनंदीबाईंनी आपले देणे पहिल्याच पानावर मांडले. एका बाबतीत मात्र त्यांनी जमा बाजू जरा फुगवली: प्रकृती चांगली आहे असे लिहिले. ती नव्हती. पण त्या जागी असते तर मीही तेच लिहिले असते.

डीन राचेल बॉडली यांनी त्यांना घेतले. ऑक्टोबर १८८३ मध्ये वर्ग सुरू झाले. पुढची अडीच वर्षे सर्वांना ठाऊक आहेत: साडी, शाकाहार, धुराने भरलेली खोली, खोकला. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेल्या एका छायाचित्रात त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. प्रबंधाचा विषय त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र असा घेतला. ज्या कारणाने मूल गेले त्याच शास्त्रावर. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला.

त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या, आनंदीबाईंच्या दूरच्या नातलग. इथे थोडे थांबावेसे वाटते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आपल्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांनी त्यांच्यावर हक्क सांगावा अशी ती बाई. त्याही १८८३ सालीच परदेशी गेल्या होत्या आणि त्यांनाही डॉक्टरच व्हायचे होते. पण त्यांना कमी ऐकू येत असे आणि त्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. हा नकार पत्र सुधारून, पुन्हा अर्ज करून बदलण्यासारखा नव्हता. रमाबाईंनी वैद्यक सोडले आणि शिक्षणाकडे वळल्या. पुढे मुंबईत शारदा सदन काढले. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात बसून, आपल्याला जे मिळाले नाही ते धाकट्या बहिणीसारख्या मुलीच्या हातात पडताना पाहणे त्यांना कसे वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. त्याची प्रस्तावना याच डीन बॉडलींनी लिहिली.

त्याच १८८६ साली कादंबिनी गांगुली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. म्हणजे देशातले दारही उघडू लागले होते. आनंदीबाईंना तोवर थांबता आले असते काय? आले असते, पण पुढे जे झाले ते पाहता त्यांच्याजवळ थांबायला वर्षे नव्हती.

पदवी हाती असतानाच कोल्हापूर संस्थानाकडून नेमणूक आली: अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाच्या मुख्य डॉक्टर म्हणून. जिथून पहिले पत्र गेले त्याच गावचे बोलावणे. ते हॉस्पिटल आजही कोल्हापुरात सी. पी. आर. या नावाने चालू आहे आणि सीमाभागातले रोगी आजही तिथे जातात. पण १६ नोव्हेंबर १८८६ ला आनंदीबाई मुंबईत उतरल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. त्या कोल्हापूरला गेल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. परदेशगमन केलेल्या बाईला वाळीत टाकण्याची भाषा करणाऱ्या गावातच लोक हळहळले.

त्यांच्या अस्थींची रक्षा कार्पेंटरमावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथे दगड आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून जाणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यावर त्यांची ओळख कोरलेली आहे.