चूक कबुतराची नसते!

विमानातून सोडलेल्या बॉम्बच्या नाकात तीन कबुतरं बसवायची आणि त्यांच्या चोचींच्या भरवशावर तो बॉम्ब नेमका निशाणावर न्यायचा, ही आयडिया ऐकून तुम्हाला हसू आलं का? येऊ द्या. १९४४ साली हे प्रात्यक्षिक बघायला जमलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांनाही हसू आवरणं जड गेलं होतं. पण ज्याने ही कबुतरं तयार केली, तो माणूस अजिबात गंमत करत नव्हता. बी. एफ. स्किनर त्याचं नाव. माणूस आणि प्राणी शिकतात कसे, या एकाच प्रश्नाच्या मागे त्याने साठ वर्षं घालवली. सायकॉलॉजीच्या पुस्तकात त्याचा फोटो असतो, पण मला विचाराल तर हा माणूस आपल्या वर्कशॉपमध्येच जास्त शोभला असता!

स्किनरचा जन्म २० मार्च १९०४ चा, पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नावाच्या रेल्वेच्या गावात. वडील वकील. पोराला मात्र खटपटीचा भारी नाद. सकाळी पायजमा खुंटीला टांगला नाही म्हणून आईची बोलणी खावी लागत, तर या पठ्ठ्याने खुंटीला दोरी लावून एक यंत्रच केलं. पायजमा जागेवर नसला की दारात आठवणीची पाटी लटकायची! स्वतःला आळशी म्हणत बसण्यापेक्षा आजूबाजूची मांडणीच बदलायची, ही त्याची आयुष्यभराची रीत लहानपणीच दिसते.

कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्य घेतलं, कारण व्हायचं होतं लेखक. रॉबर्ट फ्रॉस्टसारख्या मोठ्या कवीने शाबासकी दिली होती. १९२६ साली पदवी घेऊन साहेब घरी लिहायला बसले आणि वर्षभरात हाती काहीच लागलं नाही. त्या रिकाम्या दिवसांत त्याने पावलोव आणि वॉटसन वाचले आणि १९२८ साली मानसशास्त्र शिकायला हार्वर्ड गाठलं.

पावलोवचा कुत्रा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. खूण मिळाली की तोंडाला पाणी. म्हणजे आधी बाहेरून काहीतरी घडतं, मग कुत्रा प्रतिसाद देतो. स्किनरचा प्रश्न वेगळा होता. प्राणी आपणहून जे करतो, त्याचं काय? त्याचं उत्तर असं: प्राणी काहीतरी करतो, त्याचा परिणाम त्याच्या पदरात पडतो आणि त्या परिणामावर ठरतं की तो ते पुन्हा करणार की नाही. यालाच ऑपरंट कंडिशनिंग म्हणतात.

यासाठी त्याने जी पेटी बनवली, तिची कथा तर अस्सल जुगाडाची आहे. सुरुवातीला उंदीर एका लांब पट्टीवरून धावायचा आणि दर वेळी त्याला उचलून परत सुरुवातीला ठेवावं लागायचं. स्किनरला कंटाळा आला, म्हणून परतीची वाट जोडली. करता करता लांब पट्टी गेली आणि पेटी, दांडी आणि खाऊची गोळी एवढंच उरलं. गोळ्या टाकणारी लाकडी चकती भंगारातली होती. तिच्या मधला दांडा कापायचा राहिला होता. त्यावर दोरा गुंडाळला, तर चकती फिरेल तसा दोरा सुटतो आणि कागदावर आपोआप आलेख निघतो! उंदराच्या शिकण्याची रेघ अशी डोळ्यांसमोर उमटू लागली.

पुढचा शोध तर चक्क टंचाईतून लागला. गोळ्या तो हातानेच बनवायचा. आठ उंदीर, प्रत्येकी दिवसाला शंभर गोळ्या. एका शनिवारी हिशोब केला, तर साठा सोमवारी सकाळीच संपणार. मग त्याने ठरवलं, प्रत्येक वेळी नको, मिनिटाला एकदाच गोळी द्यायची. उंदीर कंटाळून सोडून देतील? छे! ते दांडी दाबतच राहिले. आणि पुढे लक्षात आलं, की अधूनमधून बक्षीस मिळून लागलेली सवय खाऊ पूर्ण बंद केल्यावरही जास्त वेळ टिकते.

आता शिक्षेचं बघा. १९३८ च्या पुस्तकात त्याने असा प्रयोग दिला आहे. खाऊ बंद केल्यावर उंदरांचा एक गट नुसता सोडला आणि दुसऱ्या गटाने दांडी दाबली की सुरुवातीला पंजावर फटका. फटका खाणारे लगेच थंडावले, पण फटके थांबल्यावर हळूहळू त्यांनी बाकीच्यांइतकंच दाबून घेतलं. म्हणजे शिक्षेने सवय दबली, गेली नाही. पुढे इतरांच्या प्रयोगांत जबर शिक्षेचा परिणाम टिकतो असंही दिसलं. पण शिक्षेतून काय करायचं ते शिकता येत नाही, हे स्किनरचं म्हणणं मला तरी पटतं.

दुसऱ्या महायुद्धात मिनिॲपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीच्या सर्वात वरच्या मजल्यावर त्याचा कबुतरांचा प्रकल्प चालायचा. पडद्यावर निशाणाचं चित्र, त्यावर कबूतर टोचा मारणार, चित्र मध्यापासून सरकलं की टोचाही सरकणार आणि बॉम्बची दिशा सुधारणार. एकदा काम थांबलं होतं तेव्हा सगळ्यांनी कबुतराला चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. चेंडूला धक्का मारला की दाणे. पण कबूतर ढिम्म! मग स्किनरने पायरी खाली आणली. चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणे, मग जवळ गेलं की दाणे, मग चोच लागली की दाणे. काही मिनिटांत कबूतर चेंडू भिंतींवर आपटत होतं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामाचं सार इथे आहे. कबूतर तेच होतं, फक्त पायरी लहान झाली.

बॉम्बचा प्रकल्प १९४४ साली बंद पडला. प्रात्यक्षिकात कबुतराने काम चोख केलं होतं, पण मंडळींचा विश्वास बसला नाही. गंमत म्हणजे २०२४ साली याच कामाला इग नोबेल पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं!

मग १९५३ साली तो पालक म्हणून धाकट्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला. काही मुलं गणित सोडवून चुळबुळत होती, काही अडली होती आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला सगळ्यांनाच दुसरा दिवस उजाडणार होता. त्याने लगेच शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं: छोटा प्रश्न, उत्तर लिहा, लगेच तपासा, आपल्या वेगाने पुढे जा. मागच्या सुट्टीत मी गावाकडे चुलतभावाला अपूर्णांक शिकवले. घरात आणि शाळेत त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का बसलेला. एका वेळी एकच पायरी आणि लगेच तपासणी, एवढंच केलं. आठवड्याने पोरगं स्वतः गणितं मागायला लागलं. आता ढ कोण होतं, सांगा!

पण स्किनरला देव करायचं कारण नाही. भाषासुद्धा अशीच शिकली जाते असं त्याने १९५७ साली मांडलं आणि १९५९ साली नोम चॉम्स्कीने त्यावर कडाडून टीका केली. मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती बक्षिसातून कशी येणार? मनात चाललेलं सगळं बाजूला ठेवून माणूस पुरता कळत नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. शिवाय तीच पेटी जुगाराच्या मशीनमध्येही आहे, हे स्किनरलाही ठाऊक होतं. कधी लागेल ते सांगता येत नाही, म्हणून तर हात थांबत नाही. रात्री दोन वाजता मोबाईल खाली-वर सरकवताना आपण कोणाच्या पेटीत बसलोय, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. उद्या असली ॲप्स आपल्यातलेच काही जण बनवणार आहेत.

१९८९ साली स्किनरला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. १० ऑगस्ट १९९० ला त्याने भरलेल्या सभागृहात शेवटचं भाषण केलं आणि १८ ऑगस्टला तो गेला. शेवटच्या लेखावर आदल्या दिवशीपर्यंत काम चालू होतं.

सर्किट चाललं नाही तर आपण इलेक्ट्रॉनला शिव्या देत नाही, जोडणी तपासतो. मग एखादा मित्र मॅथ्समध्ये तिसऱ्यांदा अडकला, तर त्याला मठ्ठ का म्हणायचं? त्याच्याजवळ बसा, पायरी लहान करा आणि उत्तर बरोबर आलं की लगेच सांगा. परीक्षेला अजून वेळ आहे, करून तर बघा!