२८ खाटा आणि रोजची उतरण

आजचं वाचन: मत्तय २५:३१-४६
आजचं स्मरण: हंगेरीची संत एलिझाबेथ (१७ नोव्हेंबर)

आजचं शुभवर्तमान आपल्या ओळखीचं आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. शेवटच्या दिवशी राजा या सहा जणांबद्दल विचारणार आहे. मी मात्र दरवेळी पहिल्यापाशीच रेंगाळते, कारण तिथे मला बरं वाटतं. भुकेल्यासाठी पैसे पाठवता येतात, तेही मोबाईलवरून, अर्ध्या मिनिटात. आजाऱ्यापाशी आले की मी अडकते. तिथे प्रभू औषधाच्या पैशांचं विचारत नाही, भेटायला आलीस का, एवढंच विचारतो.

म्हणून आज एलिझाबेथबद्दल लिहावंसं वाटलं. आणि तिच्या नवऱ्याबद्दलही, कारण त्याला आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

एलिझाबेथ १२०७ साली जन्मली. हंगेरीचा राजा अँड्र्यू दुसरा याची ती मुलगी. लग्न लहानपणीच ठरलेलं, त्यामुळे चार वर्षांची असतानाच तिला जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दरबारात आणलं गेलं. १२२१ मध्ये थुरिंगियाचा अधिपती लुडविग याच्याशी तिचं लग्न झालं. ती चौदा वर्षांची, तो विशीतला. लग्न घरच्यांनी ठरवलेलं असलं, तरी दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. तो दौऱ्यावर गेला की ती साधे, दुखवट्यासारखे कपडे घालायची आणि तो परत यायच्या दिवशी नटायची.

देण्याच्या बाबतीतही हे दोघं एकत्र होते. गोथा गावात त्यांनी मिळून रुग्णालय उभं केलं. जे अन्न गरिबांकडून जबरदस्तीने वसूल केलेलं असेल, ते खायचं नाही, असं एलिझाबेथने ठरवलं होतं. भरल्या ताटावर बसून ती आधी विचारायची, हे आलं कुठून? शंका आली तर उपाशी उठायची. दरबारी लोकांना हा मूर्खपणा वाटे, पण लुडविगने तिला कधी अडवलं नाही.

खरी परीक्षा १२२६ मध्ये झाली. लुडविग सम्राटाच्या कामासाठी इटलीत होता आणि इकडे थुरिंगियात दुष्काळ आणि रोगराई आली. एलिझाबेथ तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने धान्याची कोठारं उघडली, स्वतःचे कपडे आणि दागिने विकले. त्यांचा वार्टबुर्ग किल्ला आयझेनाख गावाजवळच्या उंच डोंगरावर आहे. दानासाठी किल्ल्यापर्यंत यायचं, तर आजारी माणसाला ती चढण झेपणार कशी? म्हणून तिने डोंगराच्या पायथ्याशी २८ खाटांचं रुग्णालय उभारलं. मग रोज ती स्वतः उतरून जायची. अंग पुसायचं, भरवायचं, घाणेरडी अंथरुणं बदलायची.

मला इथे थांबावंसं वाटतं. आजाऱ्याने वर चढून यायचं, की आपण खाली उतरायचं? आजचं सगळं वाचन मला या एका प्रश्नात दिसतं.

लुडविग परतला तेव्हा कारभाऱ्यांनी तक्रार केली की बाईसाहेबांनी खजिना रिकामा केला. आपले किल्ले शाबूत आहेत ना, मग तिला देऊ द्या, असं त्याने सांगून टाकलं.

तुम्ही एलिझाबेथचं चित्र पाहिलं असेल, पदरात गुलाबाची फुलं घेतलेलं. गोष्ट अशी सांगतात की ती लपवून भाकरी नेत होती, नवऱ्याने अडवलं आणि भाकरीची फुलं झाली. ही दंतकथा आहे. गोड आहे, पण मला वाटतं तिच्यात लुडविगवर अन्याय होतो. तिला त्याच्यापासून भाकरी लपवावी लागत नव्हती. त्या घरातला खरा चमत्कार तोच होता.

हे सुख फार टिकलं नाही. १२२७ मध्ये लुडविग धर्मयुद्धाला निघाला आणि सप्टेंबरात इटलीतल्या ओत्रान्तो बंदरात तापाने गेला. त्यांचं तिसरं अपत्य, एक मुलगी, त्यानंतर काही दिवसांतच जन्मली. वीस वर्षांच्या विधवेला वार्टबुर्ग सोडावं लागलं. पुढे तिच्या वाट्याचे पैसे हाती आले, तेव्हा १२२८ मध्ये तिने मारबुर्गला दुसरं रुग्णालय बांधलं आणि असिसीच्या संत फ्रान्सिसचं नाव त्याला दिलं. तिथे ती परिचारिका म्हणूनच राहिली. तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने तिला फार कठोरपणे वागवलं. ते वाचताना मला आजही त्रास होतो आणि त्याला मी पवित्रता म्हणणार नाही. तिची पवित्रता मला खाटांपाशी दिसते. १२३१ च्या नोव्हेंबरात ती वारली, अवघी चोवीस वर्षांची. चारच वर्षांत पोप ग्रेगरी नववे यांनी तिला संत घोषित केलं.

चोवीस! हे वाचणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं वय त्याहून जास्त असेल.

आपल्याकडे कोठारं नाहीत, हे खरं. पण वेळ आहे, आणि तोच आपण जपून ठेवतो. हॉस्पिटलची भेटीची वेळ संध्याकाळची, आपण तेव्हा लोकलमध्ये. मग रविवारी जाऊ म्हणतो आणि तोवर पेशंट घरी गेलेला असतो, किंवा देवाघरी. माझ्या बाबतीत हे झालंय. मी पैसे पाठवले होते, गेले मात्र नव्हते.

आजचा छोटा संकल्प: या आठवड्यात एका आजारी माणसाला भेटून यायचं. फोन नाही, मेसेज नाही. आणि ज्यांच्या घरातलं दुसरं कुणी अशी सेवा करतं, त्यांनी आज लुडविग व्हायचं. उशीर झाला म्हणून तोंड वाकडं न करता जेवण गरम करून ठेवायचं. सेवेतला तो अर्धा वाटाच आहे.

प्रार्थना: प्रभू येशू, तू खाटेवर आहेस हे मला ठाऊक आहे. मला माझ्या डोंगरावरून खाली उतरव. आणि जो उतरतोय, त्याची वाट मी अडवू नये, एवढी कृपा दे. आमेन.